भांडवल दिलं, पण आकडा खरा होता का? कॅगचा एक अहवाल संशोधक म्हणून वाचताना

पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची आणि मुलाखतीची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न नेहमी येतो: "सरकारने अडचणीतल्या बँकांमध्ये भांडवल घातलं, त्याचा उपयोग झाला का, हा विषय घेता येईल का?" येईल की. विषय उत्तम आहे. पैसा सार्वजनिक आहे, बरेचसे आकडे उघड आहेत, आणि मत तर प्रत्येकाकडे आहे. अडचण एवढीच की बहुतेक जण सुरुवातच मतापासून करतात. कोणी म्हणतं, "करदात्यांचे पैसे खड्ड्यात गेले." कोणी म्हणतं, "बघा, सरकारी बँका आता कशा नफ्यात आल्या." दोन्ही वाक्यांना आकडे चिकटवता येतात, आणि दोन्ही वाक्यं मुलाखतीत पाच मिनिटंसुद्धा टिकत नाहीत.

म्हणून या वेळी एकच दस्तऐवज घेऊन बसू: भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, २०१७ चा अहवाल क्रमांक २८. विषय आहे सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांचं पुनर्भांडवलीकरण. जुलै २०१७ मध्ये तो संसदेपुढे आला. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. अहवाल चांगला आहे, या विषयावर काम करायचं असेल तर तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. पण त्याने लावून धरलेला प्रश्न आहे "पैसे वाटताना नियम सारखा होता का?" हा. त्याच्या आधी विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा: "नियमात जो आकडा घातला, तो खरा होता का?"

मी मूळची संख्याशास्त्राची, अर्थशास्त्राची नाही. त्यामुळे बँकांकडे माझी नजर जाते ती विदेतल्या एका ओळखीच्या आजारामुळे. तो आजार पुढे येईलच. आधी थोडं साधं गणित करून घेऊ.

भांडवल म्हणजे तिजोरीतले पैसे नव्हेत

समजा एका बँकेने १०० रुपयांची कर्जं दिली आहेत. त्यातले ९० रुपये ठेवीदारांचे आणि १० रुपये मालकांचे. हे १० रुपये म्हणजे भांडवल. आता ८ रुपयांची कर्जं बुडाली. ठेवीदारांचे ९० तर द्यायचेच आहेत. म्हणजे तोटा पडतो मालकांच्या १० मधून, आणि भांडवल उरतं २.

आता दोन रस्ते. पहिला, बँक खरं बोलते. ८ रुपयांची तरतूद करते, तोटा दाखवते, आणि "मला भांडवल हवंय" असं सांगते. दुसरा, बँक काहीच बोलत नाही. बुडालेल्या कर्जदाराला नवं कर्ज देऊन जुन्याचा हप्ता भरून घेते, नाहीतर परतफेडीची मुदत वाढवून देते. कागदावर भांडवल अजून १० च दिसतं. दुसऱ्या रस्त्यावर बँक वरून धडधाकट वाटते, पण तिचे पैसे मेलेल्या प्रकल्पांत अडकलेले राहतात आणि चांगल्या कर्जदाराला द्यायला काही उरत नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की भांडवलाचं खरं काम कळतं. भांडवल मिळालं की बँकेला तोटा कबूल करणं परवडतं. कर्ज वाटायला पैसे मिळतात हा त्याच्या नंतरचा भाग. म्हणूनच एखाद्या बँकेला भांडवल मिळालं आणि त्याच वर्षी तिचा तोटा वाढला, तर घाईने "पैसे वाया गेले" असं लिहू नका. कदाचित ते पैसे नेमक्या त्याच कामासाठी आले असतील.

आणखी एक गोष्ट. सरकारने हे पैसे रोख दिलेच असं नाही. २४ ऑक्टोबर २०१७ ला जाहीर झालेल्या २.११ लाख कोटींच्या योजनेत १.३५ लाख कोटी पुनर्भांडवलीकरण रोख्यांचे होते. याची पद्धत अशी: बँक आपल्याकडच्या पैशातून सरकारचे रोखे विकत घेते, आणि सरकार तेच पैसे वापरून त्याच बँकेचे शेअर घेते. त्या दिवशी सरकारी तिजोरीतून निव्वळ काहीच बाहेर जात नाही. पण रोख्यांवरचं व्याज पुढे वर्षानुवर्षं अर्थसंकल्पातून जात राहतं आणि सरकारच्या कर्जात भर पडते ती वेगळीच. तेव्हा "फुकटात झालं" हेही चूक, आणि "सव्वा लाख कोटी रोख उडवले" हेही चूक. २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत सरकारने ३,१०,९९७ कोटी रुपयांचं भांडवल घातलं. त्यातले २,७६,००० कोटी अशा रोख्यांतून आले. तुमच्या प्रबंधात खर्च मोजायचा असेल तर कुठला खर्च मोजताय ते पहिल्याच पानावर लिहा.

अहवालाची ताकद कशात आहे

कॅगने २००८-०९ ते २०१६-१७ हा काळ तपासला. या काळात सरकारने सार्वजनिक बँकांमध्ये १,१८,७२४ कोटी रुपये घातले. सर्वात मोठा वाटा स्टेट बँकेचा, २६,९४८ कोटी. अहवालाचा मुख्य आक्षेप असा की कोणत्या बँकेला किती द्यायचं याचे निकष दर वर्षी बदलत गेले. कधी भांडवलाचं प्रमाण अमुक टक्क्यांवर नेण्यासाठी पैसे, कधी परताव्याच्या आधारावर. निकषात न बसणाऱ्या काही बँकांना पैसे मिळाले, काहींना गरजेपेक्षा जास्त मिळाले, आणि असं का केलं याची नोंद जागेवर नाही. कामगिरीची जी उद्दिष्टं बँकांबरोबर ठरली, त्यांच्यावरची देखरेखही ढिली होती.

अहवालातला दुसरा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो. ऑगस्ट २०१५ च्या इंद्रधनुष योजनेत सरकार चार वर्षांत ७०,००० कोटी देणार होतं आणि बँकांनी स्वतः बाजारातून १,१०,००० कोटी उभे करायचे होते. कॅगने मोजलं तेव्हा जानेवारी २०१५ ते मार्च २०१७ या काळात बँकांनी बाजारातून उभे केले होते फक्त ७,७२६ कोटी. गुंतवणूकदार का आले नाहीत? सोपं आहे. ज्याच्या वहीतल्या आकड्यावर भरवसा नाही, त्याच्या दुकानात भागीदारी कोण घेईल?

इथेच अहवालाला त्याच्या महत्त्वाच्या शोधाचा धागा मिळाला होता. बँकांनी दाखवलेलं थकीत कर्ज आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत सापडलेलं थकीत कर्ज यात तफावत आहे, याची दखलही अहवालात आहे. पण माझ्या वाचनात हे दोन धागे एकत्र विणले गेलेले नाहीत. एका बाजूला निकष बदलले म्हणून टीका आहे, दुसऱ्या बाजूला आकडे जुळत नाहीत म्हणून टीका आहे. पण आकडेच चुकीचे असतील तर निकष कितीही स्थिर ठेवले तरी वाटप चुकणारच, हे वाक्य मी शोधत राहिले आणि मला ते मिळालं नाही.

फेब्रुवारी २०१५ ची यादी

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही. एक यादीच बघू.

फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकारने निकष एकदम पालटला. आतापर्यंत अशक्त बँकेला मदत मिळायची, आता कार्यक्षम बँकेला मिळेल असं ठरलं. गेल्या तीन वर्षांचा मालमत्तेवरचा परतावा आणि शेवटच्या वर्षाचा भागभांडवलावरचा परतावा सरासरीपेक्षा वर असणाऱ्या ९ बँकांना मिळून ६,९९० कोटी देण्यात आले. स्टेट बँक २,९७०, बँक ऑफ बडोदा १,२६०, पंजाब नॅशनल ८७०, कॅनरा ५७०, सिंडिकेट ४६०, अलाहाबाद ३२०, इंडियन बँक २८०, देना १४०, आंध्र बँक १२०. आपल्या पुण्याच्या बँक ऑफ महाराष्ट्रला या फेरीत काही नाही.

त्याच वर्षी पुढे रिझर्व्ह बँकेने मालमत्ता गुणवत्ता तपासणी केली, तिला एक्यूआर म्हणतात. बँकांना लपवलेली थकबाकी वहीत घ्यावी लागली. सार्वजनिक बँकांचं ढोबळ एनपीए मार्च २०१४ अखेर २.२७ लाख कोटी होतं, ते मार्च २०१६ अखेर ५.४० लाख कोटी झालं. दोन वर्षांत एवढी कर्जं नव्याने बुडाली असं कोणी म्हणणार नाही. त्यातली बरीच आधीच बुडालेली होती, कागदावर आली उशिरा.

आणि मग? "कार्यक्षम" म्हणून पैसे मिळालेली देना बँक मे २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या तातडीच्या सुधारणा कारवाईत, म्हणजे पीसीएत, गेली. २०१८ मध्ये तिला नवी कर्जं द्यायलाही मनाई झाली. १ एप्रिल २०१९ ला ती बँक ऑफ बडोदात विलीन झाली. अलाहाबाद बँक जानेवारी २०१८ मध्ये पीसीएत गेली आणि २०२० मध्ये इंडियन बँकेत विलीन झाली.

इथे मोह होतो लिहायचा की "निकष साफ फसला." थांबा, आणि नीट मोजा. स्टेट बँकेच्या सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक सोडल्या तर त्या वेळी २१ सार्वजनिक बँका होत्या. यादीतल्या ९ पैकी पुढे पीसीएत गेल्या २. यादीबाहेरच्या १२ पैकी गेल्या ९. म्हणजे निकष आंधळा नव्हता. परताव्याच्या आकड्यात बँकेच्या तब्येतीबद्दल माहिती होतीच. पण मग त्याने केलं काय? बऱ्यापैकी धडधाकट बँका निवडल्या, आणि ज्यांना भांडवलाची सर्वात जास्त गरज होती त्यांना बाहेर ठेवलं. आणि ज्या दोन बँकांचा आकडा फसवा होता, त्यांना "हुशार विद्यार्थी" म्हणून बक्षीस दिलं.

रक्कम बघा आता. देना बँकेला २०१५ च्या यादीत १४० कोटी. जानेवारी २०१८ च्या यादीत ३,०४५ कोटी. वीसपटीहून जास्त. बँक ऑफ महाराष्ट्रला तेव्हा शून्य, जानेवारी २०१८ मध्ये ३,१७३ कोटी. या फरकाला इतर कारणंही आहेत, बासेल-३ चे वाढते निकष आहेत, २०१५ नंतरची नवी थकबाकी आहे. तरी दोन याद्यांच्या मधे एक्यूआर उभा आहे, हे विसरून चालणार नाही. गरज मोजायची पट्टीच मधल्या काळात बदलली.

कॅगच्या दृष्टीने २०१५ चा दोष म्हणजे निकषाची धरसोड. माझ्या दृष्टीने २०१४ चा जुना निकष तसाच चालू ठेवला असता तरी उत्तर चुकलंच असतं. कारण जुना निकष भांडवलाच्या दाखवलेल्या प्रमाणावर चालायचा, आणि तोटा लपला असेल तर ते प्रमाण फुगलेलंच असतं. म्हणजे आमच्या संख्याशास्त्रात ज्याला मापनदोष म्हणतात, तो. आणि साधासुधा नाही. दोष सगळ्यांत सारखा असता तर क्रमवारी तरी टिकली असती. पण जो जास्त अडचणीत, त्याला लपवायचं कारण जास्त. म्हणजे दोष नेमका तिथेच मोठा, जिथे तुम्हाला अचूक माप हवंय.

जपानने हे आधी भोगलं होतं

हे फक्त आपल्याकडचं नाही. जपानमध्ये मालमत्तांच्या किमती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोसळल्या. मार्च १९९८ मध्ये सरकारने २१ बँकांना मिळून सुमारे १.८ लाख कोटी येन दिले, आणि मोठ्या बँकांना रक्कम जवळजवळ सारखी दिली. का, तर कुणालाच "आम्ही जास्त आजारी" असा शिक्का नको होता. रक्कम तोकडी पडली. मार्च १९९९ मध्ये सुमारे ७.५ लाख कोटी येन द्यावे लागले, आणि या वेळी तपासणी आधीपेक्षा कडक होती.

यावर जिआनेट्टी आणि सिमोनोव्ह यांचा २०१३ चा शोधनिबंध आहे. तो तुम्ही पद्धतीसाठी वाचा. त्यांनी बँका मोजत बसण्याऐवजी बँकेचे कर्जदार पाहिले. कोणत्या कंपनीचं कोणत्या बँकेशी नातं, त्या बँकेला किती भांडवल मिळालं, आणि नंतर त्या कंपनीला कर्ज मिळालं का, तिने गुंतवणूक केली का. निष्कर्ष असा की पुरेसं भांडवल मिळालेल्या बँकांनी चांगल्या कंपन्यांना जास्त कर्ज दिलं. भांडवल अपुरं पडलं तिथे बँका बुडीत कर्जदारांनाच पोसत राहिल्या. म्हणजे अर्धं औषध बिनकामाचं ठरलं, आणि वर रोगालाच पोसणारं ठरलं.

"पुरेसं" म्हणजे किती, हे ठरवायला तोटा किती हे माहीत हवं. फिरून आपण त्याच जागी आलो.

बँक ऑफ महाराष्ट्र: कबुली कशी दिसते

आता खडकीहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने शिवाजीनगरला येऊ. तिथे लोकमंगलमध्ये बँक ऑफ महाराष्ट्रचं मुख्यालय आहे. १९३५ मध्ये पुण्यात स्थापन झालेली आणि १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेली ही बँक जून २०१७ मध्ये पीसीएत गेली. मार्च २०१८ अखेर तिचं ढोबळ एनपीए १९.४८ टक्के आणि निव्वळ एनपीए ११.२४ टक्के होतं. सोप्या भाषेत, दर शंभर रुपयांच्या कर्जातले जवळजवळ वीस अडकलेले.

जानेवारी २०१८ च्या यादीतले ३,१७३ कोटी मिळाले. डिसेंबर २०१८ च्या शेवटी आणखी ४,४९८ कोटी. आणि त्याच ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीत बँकेने सुमारे ३,७०० कोटींचा तोटा दाखवला. २०१८-१९ या पूर्ण वर्षाचा तोटा ४,७८४ कोटी. महिन्याभरात, ३१ जानेवारी २०१९ ला, रिझर्व्ह बँकेने तिला पीसीएतून बाहेर काढलं.

नवख्या वाचकाला हे विचित्र वाटेल. इतका मोठा तोटा आणि वर बक्षीस? पण आपलं शंभर रुपयांचं उदाहरण आठवा. निव्वळ एनपीए म्हणजे ढोबळ एनपीएतून तरतूद वजा केल्यावर जे उरतं ते. तरतूद वाढवली की निव्वळ एनपीए खाली येतं, पण तोटा वाढतो, आणि तो तोटा भांडवलातून भरावा लागतो. सरकारचं भांडवल आलं, ते मोठ्या प्रमाणावर तरतुदीत गेलं, निव्वळ एनपीए ६ टक्क्यांच्या खाली आलं. पीसीएचा पहिला उंबरठा तोच होता. मार्च २०१९ अखेर ढोबळ एनपीए १६.४० टक्के होतं, म्हणजे बुडीत कर्जं अजून जागेवरच होती. निव्वळ मात्र ५.५२. जे घडलं होतं ते असं: कर्ज बुडालं हे बँकेने मान्य केलं आणि त्याची किंमत चुकती केली.

यावर एक टीका रास्त आहे, ती लिहून ठेवा. उंबरठा ६ टक्के आहे हे बँकेला आणि सरकारला दोघांनाही माहीत होतं. रक्कम उंबरठा ओलांडण्यापुरती मोजून दिली असेल, तर "पीसीएतून बाहेर" हा निकाल तब्येतीचा पुरावा कमी आणि हिशेब जुळवल्याचा पुरावा जास्त ठरतो. म्हणून पीसीएतून बाहेर पडणं हे तुमच्या अभ्यासात यशाचं माप म्हणून वापरू नका. पुढची वर्षं बघा. २०१९-२० मध्ये नफा ३८९ कोटी, २०२२-२३ मध्ये २,६०२ कोटी, २०२३-२४ मध्ये ४,०५५ कोटी. मार्च २०२४ ला ढोबळ एनपीए १.८८ टक्के. ऑक्टोबर २०२४ मध्ये बँकेने संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून ३,५०० कोटी उभे केले. २०१७ पर्यंत सगळ्या सार्वजनिक बँकांना मिळून बाजारातून ७,७२६ कोटी मिळाले होते हे आठवा. वही साफ झाल्यावर भागीदार यायला लागले.

पण भांडवलामुळेच, कशावरून?

इथे बहुतेक प्रबंध घसरतात. वरची कथा छान जुळते, म्हणून खरी वाटते. आता तिच्यावर तीन आघात करू.

पहिला आघात निवडीचा. सुरुवातीला म्हटलं तो ओळखीचा आजार हाच. जानेवारी २०१८ च्या ८८,१३९ कोटींपैकी ५२,३११ कोटी पीसीएतल्या ११ बँकांना आणि ३५,८२८ कोटी बाकीच्या ९ बँकांना मिळाले. आता संगणकात "किती भांडवल मिळालं" आणि "बँक किती वाईट" यांचा सहसंबंध काढा. उत्तर येईल, भांडवल जास्त तिथे बँक वाईट! ससूनच्या अतिदक्षता विभागात मृत्यू जास्त होतात म्हणून तो बंद करा म्हणण्यासारखं हे आहे. "पैसे खड्ड्यात गेले" म्हणणाऱ्यांचे बरेच आलेख असेच बनलेले असतात.

दुसरा आघात त्या काळात सगळ्यांनाच लागू झालेल्या कारणांचा. २०१६ चा दिवाळखोरी कायदा आला, कर्जवसुलीचे मार्ग बदलले, मोठ्या उद्योगांकडून किरकोळ कर्जांकडे बँका वळल्या, नंतर व्याजाचं चक्र अनुकूल झालं. मार्च २०१८ मध्ये सार्वजनिक बँकांचं ढोबळ एनपीए १४.६ टक्क्यांवर होतं, मार्च २०२४ मध्ये ३.५ च्या आसपास. सगळीच भरती वर आली तर एका होडीचं श्रेय तिच्या वल्ह्याला देताना जपून.

तिसरा आघात वाचलेल्यांचा. २०१७ च्या सुरुवातीला सार्वजनिक बँका २७ होत्या, एप्रिल २०२० पासून १२. आजच्या १२ घेऊन "पुनर्भांडवलीकरण यशस्वी" म्हणाल तर देना बँक तुमच्या नमुन्यात नाहीच. तिलाही पैसे मिळाले होते, तीही पीसीएत होती, आणि ती आज स्वतंत्रपणे अस्तित्वात नाही. "नफ्यात आल्या" म्हणणाऱ्यांचे आलेख इथे कोसळतात.

शिवाय नमुना केवढा? २१ बँका. एवढ्यावर पाच चलांचं समाश्रयण चालवून तारांकित आकडे दाखवलेत तर समितीतला एकतरी सदस्य हसेल. बँक हे एकक सोडा. कर्जदार कंपनी घ्या, जिल्हा घ्या, शाखा घ्या. जपानच्या अभ्यासाने तेच केलं.

"मग रुपी बँकेत का नाही घातले?"

मी खडकीत राहते. आमच्या गल्लीतले एक काका दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेत. मी काय शिकते हे एकदा त्यांना समजावून सांगत होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "सरकार बँकेत भांडवल घालतं म्हणतेस, मग रुपी बँकेत का नाही घातले गं?" मुलाखतीत मला कोणी इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही.

रुपी को-ऑपरेटिव्ह बँक पुण्यातलीच, १९१२ ची. फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध लावले. ऑगस्ट २०२२ मध्ये परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला आणि २२ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाला. मधली नऊ वर्षं ठेवीदार थांबले. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख झाली, आणि परवाना रद्द होताना ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळू शकेल असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं.

काकांना दिलेलं उत्तर असं: बँक ऑफ महाराष्ट्रचं सरकार मालक आहे, म्हणून मालक पैसे घालतो. रुपी बँकेचे मालक तिचे सभासद. सहकारी बँकेचा शेअर दर्शनी किमतीलाच दिला-घेतला जातो, त्यामुळे बाहेरचा कोणी नफ्याच्या आशेने भांडवल घेऊन येत नाही. वर रिझर्व्ह बँक आणि सहकार खातं असं दुहेरी नियंत्रण. मग उरतं विलीनीकरण, आणि तोटा दिसत असताना तो घ्यायला तयार कोण?

म्हणून "महाराष्ट्र बँकेला भांडवल मिळालं, वाचली, रुपीला नाही मिळालं, गेली" अशी तुलना प्रबंधात करू नका. दोघींची मालकी वेगळी, कायदा वेगळा, आकार वेगळा. नियंत्रण गट म्हणून रुपी बँक चालणार नाही. पण काकांचा प्रश्न एक गोष्ट दाखवतो, जी कॅगच्या अहवालात मोजलेली नाही. भांडवल न घालण्यालाही खर्च आहे. सरकारने पैसे दिले नाहीत म्हणून बुडालेलं कर्ज परत येत नाही. फक्त तो तोटा रोख्यांच्या व्याजात दिसण्याऐवजी ठेवीदाराच्या नऊ वर्षांत दिसतो. लेखापरीक्षकाला दिलेला पैसा मोजायचा असतो, न दिलेल्याची किंमत मोजणं त्याचं काम नाही, हे मान्य. संशोधकाला मात्र दोन्ही बाजू मांडाव्या लागतात.

तर मग विषय कसा घ्यायचा

"पुनर्भांडवलीकरणाचा उपयोग झाला का" हे शीर्षक बाजूला ठेवा. त्याला हो किंवा नाही असं उत्तर येतं आणि दोन्ही उत्तरं कमजोर असतात. त्याऐवजी क्रम विचारा: आधी तोटा कबूल आणि मग भांडवल, की आधी भांडवल आणि कबुली कधीतरी? आपल्याकडे हा क्रम एकाच दशकात दोन्ही पद्धतींनी घडला आहे. २०१५ च्या आधीचं भांडवल तपासणीपूर्वीचं, २०१८ चं तपासणीनंतरचं. पैसा घालणारं सरकार तेच, बँका बहुतेक त्याच. असा अभ्यास सहसा मिळत नाही.

कॅगचा अहवाल यासाठी सोन्यासारखा आहे, पण निष्कर्षासाठी नाही, कच्च्या मालासाठी. ज्या धरसोडीवर त्याने टीका केली, ती धरसोडच तुमच्या कामाची आहे. निकष दर वर्षी बदलला म्हणजे तीच बँक एका वर्षी आत आणि दुसऱ्या वर्षी बाहेर, तेही तिच्या तब्येतीत मोठा बदल न होता. प्रशासनाचा दोष हा कधीकधी संशोधकाला मिळालेला प्रयोग असतो.

सुरुवात म्हणून एवढं करा. एका कागदावर २१ बँका लिहा. एका रकान्यात फेब्रुवारी २०१५ ची रक्कम, दुसऱ्यात जानेवारी २०१८ ची, तिसऱ्यात मार्च २०१५ चं ढोबळ एनपीए, चौथ्यात मार्च २०१८ चं. विलीन झालेल्या बँका गाळू नका. मग पहिला आणि तिसरा रकाना शेजारी ठेवून बघा, आणि नंतर पहिला आणि चौथा. आकडे सगळे उघड आहेत, एका संध्याकाळचं काम आहे. मार्गदर्शकांसमोर सारांश न्यायच्या आधी तो कागद न्या.